मडगार्डवरची टक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. शनिवारची भर दुपार होती, मामांच्या शेडमध्ये लख्ख ऊन येत होतं आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

मी जुन्या गाड्यांचे पार्ट विकतो. ओरिजिनल नाही, रिप्रॉडक्शन. म्हणजे मूळ कारखाना कधीच बंद पडलेला असतो, मग कोणीतरी त्याच मापाचा साचा करून पार्ट नव्याने ओततं. काम एकदम चोख असतं. तरी मामांनी माझं नाव 'नकल्या' ठेवलं ते ठेवलंच. मीही काही कमी नव्हतो. त्यांच्या शेडला मी भंगाराचं म्युझियम म्हणायचो. मामी दोघांनाही गप्प करायची.

घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मामांची स्वतःची जुनी गाडी होती. अगदी गंजलेली आणली होती. दोघांनी मिळून उभी केली. मामा बॉनेट उघडून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचे, मामी आत स्टिअरिंगला बसायची. चालू इंजिनात हाक ऐकू जायची नाही, म्हणून खूण ठरलेली. मडगार्डवर बोटाने एकदा टक, म्हणजे रेस दे. दोनदा टकटक, म्हणजे सोड.

मामी चप्पल बाहेर काढून बसायची. अनवाणी पायालाच इंजिन कळतं, म्हणायची.

मामांचे कान तर इंजिनांनी कधीच खाल्ले होते. ते मडगार्डवर तळवा ठेवून इंजिन ऐकायचे.

मग मामी गेली. आजार नाही, काही नाही. चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघरातच गेली.

त्यानंतर मामा शेडमधून बाहेर येईनासे झाले. शेजारच्या काकूंनी मला फोन केला, सारखा पेट्रोलचा वास येतोय म्हणाल्या. जाऊन बघतो तर कार्बोरेटरच्या अंगाला चीर गेलेली. पेट्रोल थेंबाथेंबाने पाझरत होतं. खाली तापणारा सायलेन्सरचा पाइप. मी म्हटलं, मामा, हे आज ना उद्या पेटणार. ते ऐकायला तयार नाहीत. ओरिजिनल आहे, म्हणाले, तुझं नकली बसवणार नाही.

माझं डोकंच फिरलं. त्या शनिवारी मी नवा कार्बोरेटर काखेत मारून गेलो. बसवल्याशिवाय हलणारच नव्हतो.

शेडमध्ये गाडी चालू होती. ड्रायव्हरच्या दाराबाहेर मामीच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या.

मामांनी मला बघितलं. मडगार्डवर बोट आपटलं...

टक.

इंजिनाने रेस घेतली.

गाडीत कोणी नव्हतं. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मामा दोन्ही हात मडगार्डवर ठेवून उभे होते. मी काचेतून आत डोकावलो...

रेसचं पॅडल खाली दाबलेलं होतं.

मामांनी दोनदा वाजवलं. पॅडल हळूच वर आलं. सीटची स्प्रिंग करकरली, कोणीतरी अंग सैल सोडावं तशी.

मी दारापासून मागे सरलो. मामा मात्र हसत होते. मामी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आता कळलं का नकल्या, का बदलत नाही ते?"

मी काखेतला कार्बोरेटर खाली ठेवला.

मामांनी पुन्हा टक केलं. इंजिन चढलं, थरथरलं, आणि चिरेतून पेट्रोलची धार सुटली. भस्सकन जाळ झाला. मी ओरडलो, मामांचा दंड धरून ओढलं, पण ते मडगार्ड सोडेनात. बाही पेटायला आली तरी सोडेनात.

तेवढ्यात इंजिन बंद झालं.

आपोआप... आत किल्ली फिरल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

मी ओलं पोतं टाकून जाळ विझवला. चीर होती तेवढीच होती, नळीच काय ती जळली होती. मामांनी नळी बदलली, पेट्रोल चढवलं आणि किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन उचलेना. त्यांनी पुन्हा फिरवली. मग ते मडगार्डवर वाजवू लागले. आधी हळू, मग जोरात, मग नुसत्या मुठी.

मी त्यांना थांबवलं नाही. माझ्याच्याने ते बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते खाली बसले.

"जन्मात कधी मला नाही म्हणाली नाहीस गं तू," ते चपलांकडे बघून म्हणाले.

मग डोळे पुसून मला म्हणाले, तुझं नवं बसव.

मी बसवलं. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. काय सुरेख चालत होती. एक ठोका चुकत नव्हता.

मामांनी मडगार्डवर तळवा ठेवला. एक बोट उचललं...

टक.

इंजिन होतं त्याच लयीत चालत राहिलं. पॅडल हललं नाही.

त्यांनी पुन्हा वाजवलं नाही. चपला उचलल्या, धूळ झटकली आणि घरात नेऊन ठेवल्या. परत आले तेव्हा जुना कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"घरात राहिला तर मी परत बसवीन. तिला ते नकोय. मी मागायला आलो तरी देऊ नकोस."

तो आता माझ्या दुकानात आहे, काउंटरमागच्या कपाटात, कुलपात. ना त्याला पॅडल जोडलंय, ना पॅडलने झडप उघडणारी तार. नुसतं थंड धातूचं धूड.

मामा अधूनमधून दुकानात येतात. येऊन मला नकल्या म्हणतात, चहा घेतात. कार्बोरेटरचं नाव काढत नाहीत. परवा असेच आले. उन्हं उतरली होती, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मामा रस्त्याकडे बघत बसले होते, कसल्यातरी विचारात. हात काउंटरवर होता. सवयीने बोट उचललं गेलं...

टक.

माझ्या पाठीमागे, कपाटात, कार्बोरेटरची झडप उघडल्याचा आवाज आला. खट्.

मी मामांकडे बघितलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. ते रस्त्याकडेच बघत होते. मिटल्याचा आवाज आला नाही; कपाटात ती झडप उघडीच होती, पुढच्या खुणेची वाट बघत.

सांगितलं असतं तर त्यांनी कुलूप फोडून तो नेला असता. मी काहीच बोललो नाही. त्यांचा चहा संपला. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, येतो म्हणाले आणि गेले.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबलो. मग काउंटरवर मीच दोनदा वाजवलं.

झडप मिटली नाही.