चाचणीत हसायचं नसतं

ओहोटी लागली होती आणि दिवाळे गावच्या खाडीत एक माणूस गुडघाभर चिखलात उभा होता. डोक्यावर लाकडी पेटी. होडीवाल्याने त्याला धक्क्याच्या अलीकडेच उतरवलं होतं. हे १९६१ साल.

"तुमचा एक बूट दिसत नाही," मी म्हटलं.

"आत आहे," तो म्हणाला. जणू बूट तिथेच ठेवायचा असतो.

मी हात दिला. तो बाहेर आला, पण हात सुटायला जरा वेळ लागला... चिखलामुळे असेल.

त्याचं नाव जयदेव. मूल कसं शिकतं ते तपासायला मुंबईहून आलेला. पत्र पाठवून बोलावलं होतं मीच. मी दमयंती, इथल्या शाळेतली मास्तरीण. माझ्या वर्गातल्या पुतळा नावाच्या मुलीने दोन वर्षांत पाटीवर एक अक्षर धड काढलं नव्हतं. मोठे गुरुजी म्हणत, पोर मंद आहे, शाळेतून नाव काढा. मासळी विकणारी तिची आई सखू तिच्यासाठी दुसरी टोपली घेऊन तयारच होती. जयदेवनेही मंद लिहिलं, तर सोमवारपासून पुतळा मासळीबाजारात.

शाळेत त्याने पेटीतले लहानमोठे ठोकळे मांडले, हातात वेळ मोजायचं, चालू-बंद करता येणारं घड्याळ घेतलं आणि मला बजावलं, "मध्ये बोलायचं नाही. मीही हसत नाही, मान हलवत नाही. उत्तर बरोबर असो, चूक असो... 'बरं, पुढे' एवढंच."

"घरीही?"

"सवय लागते."

पुतळाला सांगितलं, चार सारखे वाटे कर. तिने केले. कुठे चार ठोकळे, कुठे सात, आणि सगळ्यांची रंगीत बाजू वर.

"बरं, पुढे," जयदेव म्हणाला आणि कागदावर शून्य काढलं.

चाचणी संपेपर्यंत मी जीभ दाताखाली धरली. मग म्हटलं, "तिला कारण विचारा की."

"कागदावर तसं नाही."

"कागद कधी चिखलात उतरलाय?"

त्याने आपल्या एकुलत्या बुटाकडे पाहिलं. मग पुतळाला विचारलं.

"मोटी हायत ती चार, बारकी हायत ती सात," पुतळा म्हणाली. "नायतर गिऱ्हाईक भांडतंय."

जयदेव वाण्याकडून तराजू घेऊन आला. दोन वाटे दोन पारड्यांत ठेवले. काटा हलला नाही. जयदेवही हलला नाही. पण त्याने शून्यावर काट मारली.

मग तिच्या हातांना आणखी काय कळतं ते बघायला त्याने काथ्याच्या दोरीचा म वळवला आणि तिला डोळे मिटायला लावले. पुतळाने बोटं फिरवली. "म." नंतर क. नंतर ळ, जो मोठ्या गुरुजींनाही नीट वळत नाही.

अहवालात त्याने लिहिलं: मुलगी मंद नाही. ती हाताने शिकते. आधी दोरीची अक्षरं द्यावीत, पाटी मग. मोठ्या गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि दोरी कुणी आणायची, एवढंच विचारलं. सोमवारी सखू एकच टोपली घेऊन गेली.

जयदेवच्या परतीच्या वेळी आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा भरती होती. होडी थांबली होती, जयदेव बसत नव्हता.

"बुटासाठी परत यावं लागेल," तो म्हणाला.

"तो सापडायचा नाही."

"माहीत आहे."

होडीवाला खोकला. मी पेटीवरचं घड्याळ उचललं आणि चालू केलं. "बोला. वेळ मोजतेय."

"तुमच्या घरी..." काटा अर्धा फिरला. "लग्नाचं कोणाशी बोलायचं असतं? म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

चेहरा कोरा. कान मात्र लाल — कानांना काय शिकवायचं ते त्याच्या पुस्तकात नसावं.

मी हसले नाही. मान हलवली नाही. घड्याळ बंद केलं आणि माझ्याच पिशवीत टाकलं.

"बरं," मी म्हटलं. "पुढे."