शनिवारी दहा ते चार

प्रेमाला काळवेळ नसते. ते कुठेही, केव्हाही फुलते. आमच्या समुद्रकाठच्या पोलवेरन गावात मात्र ते शनिवारी दहा ते चार एवढ्याच वेळात फुलू शकत असे. सुट्टीला आलेले पाहुणे दहाला घर सोडत, नवे चारला येत आणि मधल्या वेळात साऱ्या गावाच्या चादरी बदलाव्या लागत.

गावात घरं एकेचाळीस. त्यांतल्या पस्तीस घरांच्या दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाचं लोखंडी खोकं, आत किल्ली. जिथे खोकं, तिथे कुणी राहत नाही, नुसते उतरतात. धक्क्यावरच्या शेवटच्या घराला खोकं नव्हतं. तिथे पाहुण्यांच्या घरांतल्या चादरी बदलणारी लोवेना भाड्याने राहायची, जन्मल्यापासून. घराच्या मालकीणबाई, लंडनच्या श्रीमती हॅदरली, यांनी कळवलं होतं की एप्रिलपासून हेही घर पाहुण्यांना.

मार्चच्या पहिल्या शनिवारी पेरन, गावातली सगळी खोकी बसवणारा कारागीर, ड्रिल घेऊन खोकं बसवायला आला. लोवेना चादरींचा गठ्ठा काखेत मारून दारात उभी राहिली.

"चारच भोकं पाडायचीत," तो म्हणाला.

"पाडा की. आधी माझ्यात पाडा."

पेरनने तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ड्रिलची बॅटरी उतरली असल्याचं त्याच्या लक्षात आलं. तिने चहा दिला.

दुसऱ्या शनिवारी बॅटरी पुन्हा उतरलेली. तिसऱ्या शनिवारी समुद्रावरून भुरभुर पाऊस येत होता, आणि बॅटरी — अर्थात. चहाबरोबर केशराचा पाव आला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

चौथ्या शनिवारी श्रीमती हॅदरली स्वतः आल्या. गावात त्यांची आणखी तीन घरं होती आणि तिन्हींचे पाहुणे चारला यायचे होते.

"अजून खोकं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई. आणि मी लावणारही नाही," पेरन म्हणाला. "दुसरा माणूस बघा."

"बघते. कुठे मिळेल?"

"इथे नाही मिळायचा. होते ते सगळे घरं सोडून गेले. त्यांच्या दारांवर खोकी मीच लावली... आता पुरे."

लोवेनाने काखेतला गठ्ठा शांतपणे उंबऱ्यावर ठेवला आणि त्यावर बसली. तिन्ही घरांतल्या गाद्या उघड्याच आहेत, हे तिने बाईंना सांगितलं. आपल्याला घर नसेल तर आजपासून चादरीही नाहीत, हेही सांगितलं. आवाज चढवला नाही. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

श्रीमती हॅदरलींनी धक्क्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग पाहुण्यांसाठीच्या सूचनांच्या कागदामागे लिहून दिलं — घर पाच वर्षं लोवेनाकडे, भाडं तेच. खाली सही केली आणि फोन करत निघून गेल्या.

पेरनने खोकं पिशवीत टाकलं. पिशवीचा बंद त्याने तीनदा बांधला, तीनदा सोडला.

"लोवेना, एक सांगू? त्या बॅटरीचं..."

"भरलेली होती."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तिच्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पुन्हा आला नसतास तर?"

पेरनचे कान लाल झाले. आयुष्यभर इथेच राहायचं, असं काहीतरी तो बोलू लागला... तिचे डोळे भरून आले होते. ती उठली, गठ्ठा सोडला.

"ते बोल सावकाश," ती म्हणाली. "आधी या चादरीचं ते टोक धर."