बरणीतला एस. पी.

संग्रहालयाच्या टेबलावर काचेची बरणी होती. आत स्पिरिटमध्ये बोटभर मासा आणि त्याच्या पोटाशी एक चिठ्ठी: एस. पी.

"हा आमचा मासा नाही," क्युरेटरबाई म्हणाल्या. "बाबांनी गुहेत शोधलेल्या माशाला डोळेच नव्हते. जगात त्याचा तो एकच नमुना. तो मी विकला म्हणतात! संध्याकाळी विश्वस्त मला काढून टाकणार."

वकीलबाई भिंग घेऊन वाकल्या. वकिली सोडून त्यांनी तपासाचं काम धरलं, तेव्हापासून त्यांचे दीर, भाऊजी, सावलीसारखे सोबत असत.

"वहिनी, चिठ्ठीभोवती निळा धूर कसला?"

"चांगलं पाहिलंत."

खुशीत भाऊजींनी टेबलावर सांडलेलं स्पिरिट हातानंच पुसलं आणि ते ओरडले, "अहो, तळहातावर लिहिलेला पत्ता गेला!"

"कुणाचा?"

"दातांच्या डॉक्टरांचा."

"मग सुटलात."

संस्थेच्या चिटणिसांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. थर्मास शेजारी असूनही चहा बाहेरून मागवला.

"एस. पी. म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात बाईंनी एकटीनं बरण्यांत स्पिरिट भरलं, तेव्हाच मासा बदलला. मला आज सकाळी कळलं, पाहुण्यांसाठी कपाट उघडलं तेव्हा."

पहारेकरी म्हणाला, "एस. पी. म्हणजे पोलिसांतले मोठे साहेब. कपाट? बाई रजेवर गेल्यापासून आज सकाळपर्यंत बंदच. किल्ल्या दोनच, एक बाईंकडे, एक चिटणीस साहेबांकडे. बाई आज दुपारी आल्या, थेट स्टेशनवरून."

"प्राण्याची जात ठरली नसली की आम्ही एस. पी. लिहितो, म्हणजे स्पीशीज," क्युरेटरबाईंनी फळी दाखवली. बरण्यांची रांग होती, प्रत्येकीत शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. "पण याची जात बाबांनी ठरवली होती. मी कशाला लिहीन?"

"माझ्या मते सेलिंग प्राइस," भाऊजी म्हणाले.

संध्याकाळी विश्वस्तांसमोर वकीलबाईंनी ती बरणी ठेवली.

"दोन अक्षरांचे अर्थ निघाले चार. मी अर्थ सोडला आणि शाई पाहिली. इथली प्रत्येक चिठ्ठी पेन्सिलीची आहे, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये टिकत नाही. भाऊजींच्या तळहाताला विचारा. ही चिठ्ठी मात्र बॉलपेनची. आठवडाभर बुडाली असती तर कोरी झाली असती. शाई दुपारीसुद्धा सुटत होती, म्हणजे चिठ्ठी आज सकाळची. तेव्हा क्युरेटरबाई गाडीत होत्या आणि कपाट उघडलं चिटणिसांनी. बाईंचं काम वाटावं म्हणून त्यांनी फळीवरची अक्षरं उतरवली. ती कशानं लिहिली आहेत, तेवढं बघायचं राहिलं."

"मग मासा कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"भरलेला थर्मास समोर असताना पाहुण्यांना बाहेरचा चहा कोण पाजतं?"

चिटणिसांचा हात शेजारच्या आपल्या बॅगेकडे गेला, पण भाऊजींनी आधीच तिच्यातून थर्मास काढून झाकण फिरवलं. स्पिरिटचा भपकारा आला.

"बाहेरच्या एका संग्राहकानं..." चिटणीस पुटपुटले. पुढचं कुणी ऐकलं नाही. क्युरेटरबाईंनी चिमट्यानं मासा अलगद बाहेर काढला होता. पांढराफटक, बिनडोळ्यांचा.

अध्यक्ष घसा खाकरून उठले. "बाई, आमच्याकडून जे झालं..."

"थांबा हो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आधी याला ठेवू द्या. कल्ले सुकतायत."

अध्यक्ष बाजूला सरले. वकीलबाईंनी पुढे होऊन क्युरेटरबाईंसाठी बरणी धरली.