आयव्ही हॅझलडीनचा चिमटा

आयव्ही हॅझलडीन खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. पर्समधून तिने रुमालात गुंडाळलेला एक छोटा चिमटा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा मी नीट चालवला नाही म्हणून एकेचाळीस खलाशी बुडाले," ती म्हणाली. "तेहेतीस वर्षांपूर्वी मला तसं सांगितलं गेलं. ते खरं का, एवढंच शोधून द्या. खरं असेल तर खरं म्हणा. मला सवय झालीय."

मॉड पेनहॅलो खासगी गुप्तहेर होती. बेडफर्ड गावात हरवलेली मृत्युपत्रं आणि पळालेले नवरे हुडकण्यात तिची हयात गेली होती. तिच्या शेजारी वही घेऊन बसलेले सेड्रिक लॅम्ब म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर आणि तिचे मदतनीस. मदत करायची त्यांची हौस दांडगी होती, एवढं नक्की.

"कुठे होतात तुम्ही लढाईत?" मॉडने विचारलं.

"थॉर्नी हॉलला." नाव घेताना आयव्हीने सवयीने दाराकडे पाहिलं. गुप्ततेची शपथ सैल होऊन दोनच वर्षं झाली होती.

लॅम्ब उडालेच. "अहो, मीही तिथलाच! तीन नंबरची बराक!"

"मी अकरा नंबरला. यंत्रांवर. म्हणजे एकमेकांचं तोंडही पाहिलं नसणार आपण."

ते खरंच होतं. तिथे एका बराकीतून दुसऱ्या बराकीत कागद जायचा, पण त्याचं पुढे काय झालं हे विचारायची सोय नव्हती.

आयव्हीचं काम सरळ होतं. शत्रूचा सांकेतिक संदेश फोडायला कपाटाएवढं यंत्र असायचं. त्यावर डझनावारी चकत्या, आणि प्रत्येक चकतीच्या पाठीला बारीक तारांचे कुंचले. एक तार दुसरीला चिकटली की यंत्र चुकणार. म्हणून मुली चिमट्याने एकेक तार सरळ करत. मग वरून आलेल्या जुळणीच्या कागदाप्रमाणे यंत्र लावायचं. उत्तर सापडलं की ते थांबायचं.

"पंधरा एप्रिल त्रेचाळीस. दुपारी तीनला कागद आला. मी कुंचले दोनदा तपासले होते. यंत्र पूर्ण फेरी फिरलं आणि थांबलंच नाही. संदेश फुटला दुसऱ्या दिवशी, तोवर तेलाचं जहाज बुडालं होतं. स्टॅनिंगसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, तुझा कुंचला वाकलेला होता. मला स्कॉटलंडला आरमाराच्या भटारखान्यात बटाटे सोलायला पाठवलं."

"घरी काय सांगितलंत?"

"काय सांगणार? शपथ होती ना. बापाला वाटलं, पोरीने काहीतरी तोंड काळं केलं म्हणून हाकलली. बस चालवायचा तो. मरेपर्यंत त्याने माझ्याशी त्यावर एक शब्द काढला नाही."

लॅम्बना भरून आलं. त्यांनी तिचा पत्ता लिहून घेतला आणि खाली दोन रेघा ओढून खालच्या रेघेचं टोक हुकासारखं वळवलं. शाळेत वही तपासून झाली की ते असंच करत.

ती गेल्यावर ते म्हणाले, "पंधरा एप्रिल मला चांगला आठवतो, मॉडबाई. त्या दुपारी आम्ही तंत्रज्ञांना राउंडर्समध्ये, त्या बॅट-चेंडूच्या खेळात, लोळवलं होतं. शेवटचा फटका माझा!"

"शाबास. आता तो जुळणीचा कागद कसा व्हायचा, तेवढं सांगा."

लॅम्ब खुलले. "शत्रूच्या यंत्रात एक खोट होती. कुठलंही अक्षर बदलून पुन्हा तेच कधी यायचं नाही. आम्ही संदेशाखाली अंदाजाचं वाक्य लिहून सरकवत जायचो. कुठेही वर-खाली तेच अक्षर आलं की ती जागा चूक. पोरखेळ हो! मग योग्य जागेवरून जुळणी काढून यंत्राकडे."

"आणि हे कच्चे कागद?"

"जाळायचे." लॅम्ब मिश्कील हसले. "सगळे नाही. बराकीला अशा फटी होत्या की एप्रिलातही बोटं आखडायची. छपराखाली कोंबायचो गुपचूप."

अकरा नंबरच्या यंत्रांची तेव्हा देखभाल करणारा आल्फ बिड्ल आता सायकली दुरुस्त करत होता. हात पुसत तो बाहेर आला.

"आयव्ही? तिच्या चकत्या मी त्याच संध्याकाळी उघडल्या. एक तार वाकडी असेल तर नाव बदलेन. तोच कागद मी शेजारच्या यंत्रावरही लावून पाहिला. तेही थांबलं नाही. सकाळी त्याच संदेशाचा नवा कागद आला आणि वीस मिनिटांत काम फत्ते."

"म्हणजे दुसऱ्याचेही कुंचले वाकले असणार!" लॅम्ब म्हणाले. "रात्रीत सरळ केले कुणीतरी."

आल्फने त्यांच्याकडे बघून मॉडकडे बघितलं. "हे नेहमी तुमच्याबरोबर असतात?"

"तुम्ही हे कुणाला सांगितलं होतं?"

"स्टॅनिंगला. तो म्हणाला, बिड्ल, तोंड मिटा." आल्फने मान खाली घातली. "मिटलं मी. चोवीस वर्षांचा होतो."

रॉडरिक स्टॅनिंग तेव्हाचे विभागप्रमुख. ते चर्चच्या मासिकाचे मजकूर लाल शाईने तपासत बसले होते आणि बोलतानाही त्यांचं पेन थांबलं नाही.

"बिचारी पोर. पण कुंचला वाकला होता. मी अहवालात तसं लिहिलंय."

"तुम्ही स्वतः पाहिलात?"

"अहवाल माझा होता," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॅम्ब सर्दीने अंथरुणात होते. मॉड एकटीच थॉर्नी हॉलला गेली. तिथल्या जुन्या बराकी पाडायला घेतल्या होत्या.

शनिवारी चहाला तिने सगळ्यांना बोलावलं. लॅम्बच्या कपात साखर घालताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांना वाटलं, बाई विचारात आहेत.

"मिस हॅझलडीन, तुमचा कुंचला वाकला नव्हता," मॉड म्हणाली. "बिड्लने तो पाहिला होता. शिवाय तोच कागद दुसऱ्या यंत्रावरही फसला. दोन यंत्रं एकदम चुकत नाहीत. दोन्हींत सारखी गोष्ट एकच, तो कागद. सकाळी नवा कागद आला आणि यंत्र थांबलं. म्हणजे चूक तीन नंबरच्या बराकीत झाली आणि ती रात्रीत कुणालातरी सापडली. तरीही अहवालात कुंचलाच राहिला."

तिने एक पिवळा पडलेला कागद टेबलावर पालथा ठेवला. "हा छपराखाली होता. यावर एका अक्षराभोवती लाल शाईचा गोल आहे."

स्टॅनिंगचा हात नकळत खिशातल्या लाल पेनाकडे गेला. ते म्हणाले, "अहवालाला कारण लागतं. यंत्र चालवायला मुली हव्या तितक्या मिळायच्या. गणिती मोजके होते. चूक कळली असती तर तो पोरगा खचला असता. मी त्यालाही सांगितलं नाही."

"आणि मी?" आयव्ही म्हणाली. "मी खचले नसते?"

स्टॅनिंगनी नजर चहाच्या कपाकडे वळवली. त्यांचे कान लाल झाले होते.

"कोण होता तो पोरगा?" लॅम्बनी विचारलं. आवाजात राग होता. तेहेतीस वर्षं एका बाईला असं जाळणारा माणूस कोण, हे त्यांना खरोखर पाहायचं होतं.

मॉडने कागद त्यांच्याकडे सरकवला. "तुम्हीच बघा, लॅम्ब. नको असेल तर मी वाचते."

त्यांनी कागद उलटला. वर संदेश, खाली अंदाजाचं वाक्य. अकराव्या जागी वर आर, खाली आर, आणि भोवती लाल गोल. अगदी खाली, काम संपल्याच्या खुणेच्या, दोन रेघा. खालच्या रेघेचं टोक हुकासारखं वळवलेलं.

लॅम्बना आधी कळलंच नाही आणि मग एकदम कळलं. मानेपासून कपाळापर्यंत चेहरा तापला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. दर वर्षी वर्गात ते मुलांना सांगत आले होते, उत्तर तपासल्याशिवाय रेघ मारायची नाही.

"माझा आहे," ते म्हणाले. "मी तपासलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मिस हॅझलडीन, तुमच्यासमोर बसायची माझी लायकी नाही."

आल्फ खिडकीबाहेर बघत राहिला. आयव्हीने कागद स्वतःकडे ओढला, त्या दोन आरवर बोट ठेवलं आणि तिचे डोळे भरून आले. बापाचं थडगं गावातच होतं. तिथे जाऊन आता काहीतरी सांगता येणार होतं.

मग तिने चिमटा उचलला आणि लॅम्बच्या बशीशेजारी ठेवला.

"पाच मिनिटंही नव्हती?" तिने विचारलं. "घाई कसली होती?"

थकवा होता, पाळ्या होत्या, लढाई होती. लॅम्बच्या जिभेवर हे सगळं आलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी चिमट्याकडे पाहिलं.

"तीन वाजता राउंडर्सचा सामना होता."

आयव्हीने कोट चढवला, एकेक बटण सावकाश लावलं. दाराशी ती थांबली.

"जिंकलात?"

"हो," लॅम्ब म्हणाले.