दोराला बांधलेली चिठ्ठी

कारखान्याची चिमणी रंगवताना दोर तुटला आणि रंगारी तीस फुटांवरून खाली आपटला. दोन दिवस झाले, त्याने डोळे उघडले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकाने कॅप्टनसमोर कागद सरकवला. ‘कुजका दोर मीच पास केला.’ खाली सहीला जागा.

कॅप्टन वरिष्ठ खरेदी अधिकारी. वीस वर्षं फौजेत काढून सात महिन्यांपूर्वी इथे लागलेला. ‘माजी सैनिकांना प्राधान्य’ अशी जाहिरात देऊन कंपनीने त्याला घेतलं, त्याचा फोटो दारात टांगला. सैनिक हवा होता तो फोटोपुरता. निस्तरायची वेळ आली की त्याचाच बळी.

त्याने सही केली नाही. वहिनींना बोलावलं.

वहिनींनी विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. आता खाजगी तपास करत. सोबत त्यांचे दीर, भाऊजी.

पास झालेल्या मालाचे नमुने ठेवायच्या कपाटाला मालकाने दोन दिवस आपलं वेगळं कुलूप घातलं होतं, कॅप्टनला जवळ फिरकू देत नव्हता. वहिनींनी ते उघडायला लावलं. आत हातमोजे, झडपा, नळ्या. प्रत्येकाला चिठ्ठी, एका कडेने फाटलेली. दोराच्या चिठ्ठीची खालची कड मात्र कात्रीने सरळ कापलेली. वर कॅप्टनची ठसठशीत सही.

“सही तर त्यांचीच, वहिनी. मग उरलं काय?” भाऊजी म्हणाले.

“तुमचा चहा उरलाय. प्या आणि गप्प बसा.”

त्या बाहेर कॅप्टनकडे गेल्या. “नमुना पास झाला की काय करता?”

“फौजेतली सवय. चिठ्ठीवर आडवी सही करून मधोमध फाडतो. अर्धी कपाटात, अर्धी पुरवठादाराकडे. माल आला की मी आणि स्टोअरकीपर दोन्ही जुळवतो. हा दोर आला तेव्हा मी रजेवर होतो, जुळवणी झालीच नाही.”

“आणि नापास झाला तर?”

“फाडत नाही. सहीखाली कारण लिहून परत.”

“हाच दोर नापास केला होतात?”

“अठरा दोर पाहिले, बाई. शपथेवर नाही सांगता येणार.”

स्टोअरकीपर आधीच तापलेला. “कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे! कॅप्टन, मी आणि जावईसाहेब. गरीब दिसला म्हणून मलाच धरणार?”

“नापास नमुने परत कोण नेतं?”

“जावईसाहेब. पुरवठादाराचं गोदाम त्यांच्या वाटेवर आहे. गाडीत टाकतात, उपकारच म्हणायचे.”

मालकाचा जावई कारखान्याचा व्यवस्थापक. त्याने खुर्चीही दिली नाही. “नमुन्यांशी माझा काय संबंध? एकालाही कधी हात लावला नाही मी. सगळं त्या फौजीचं राज्य.”

दुपारी वहिनींनी सगळ्यांना मालकाच्या खोलीत बसवलं आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या.

“पास झालेल्या प्रत्येक चिठ्ठीवर अर्धी सही. दोराच्या चिठ्ठीवर पूर्ण. पूर्ण सही कुठे राहते? नापास नमुन्यावर. म्हणजे कॅप्टनने हा दोर नाकारला होता. कुणीतरी खालचं कारण कापलं आणि दोर कपाटात ठेवला.”

“कुणी?” मालक गुरकावला.

“किल्ल्या तीन. कॅप्टन आणि स्टोअरकीपर रोज अर्ध्याला अर्धं जुळवतात. त्यांनी लबाडी केली असती तर चिठ्ठी आधी फाडली असती. ही चूक ज्याला फाडण्याची रीत ठाऊकच नाही त्याची. बाकीच्या चिठ्ठ्या जुन्या होऊन फाटल्या असं वाटलं ना, जावईबापू? नापास नमुने तुमच्या गाडीतून जातात, आणि म्हणे कधी हात लावला नाही!”

जावई उसळला. “दुसरा दोर यायला आठवडा लागला असता! चिमणीचं काम कोण थांबवणार? तो फौजी तर हरेक गोष्टीत खोट काढतो!”

मालकाने दार लोटून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला. “घरातली गोष्ट आहे. कॅप्टन, तो कागद विसरा. पगार वाढवतो. दोर कुजका निघाला, बस. कुणाचाच दोष नाही.”

“रंगाऱ्याची बायको दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलीय,” कॅप्टन म्हणाला. “चला, पगारवाढीचं पत्र तिला वाचून दाखवा. मी येतो सोबत.”

मालक जागचा हलला नाही. कॅप्टनने त्याच्याच टेबलावरचा फोन उचलून पोलीस ठाण्याला लावला.

“तक्रार नोंदवायचीय. दोघांविरुद्ध.”

“दोघं कुठले?” भाऊजी कुजबुजले.

“एकाने चिठ्ठी कापली,” वहिनी मोठ्याने म्हणाल्या, “आणि दुसऱ्याने आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत तिचा भाव सांगितला.”