पाच खाचांचा ठोकळा

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मी शपथा घालत बसणार नाही. ज्या स्वयंपाकघरात हे घडलं, तिथेच मी आज सकाळी चहा केलाय, एवढंच सांगते.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. खिडकीतून ओट्यावर लख्ख ऊन आलं होतं.

आणि मी माझ्या सवतीच्या फळीला रंधा मारत होते.

सवत मेलेली होती. आमच्या लग्नाच्या चार वर्षं आधीच गेलेली. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तरी मी तिच्यावर जळायचे. लपवून काय उपयोग?

ती एका मोठ्या कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचं काम करायची. तिच्या पाच सुऱ्या होत्या. मोठीपासून बोटाएवढ्या धाकटीपर्यंत. ती गेली, सुऱ्या राहिल्या. आमच्या ओट्याच्या खणात, जाड कापडात गुंडाळून.

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस अबोल. जेवताना चकार शब्द काढायचे नाहीत. मीठ कमी असलं तर उठून स्वतःच घ्यायचे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण मी समोर बसलेय की खुर्ची नुसतीच ठेवलीय, त्यांना फरक पडत नसावा.

पण दर रविवारी हे गॅलरीत बसायचे आणि त्या पाच सुऱ्यांना धार लावायचे. दगडावर पाणी शिंपडून, हळूहळू. पातं अंगठ्यावर तपासायचे. मग पुसून परत कापडात.

माझ्याकडे कधी इतक्या मायेने पाहिलं नाही त्यांनी.

एकदा न राहवून मी विचारलं, "अहो, वापरत नाही तर धार कशाला?"

"राहू दे गं," एवढंच म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच क्षणी ठरवलं, या सुऱ्या कापडातून बाहेर काढायच्या. माझ्या हातच्या लाकडी ठोकळ्यात, खाचांमध्ये खोचून ठेवायच्या. मग त्या तिच्या राहणार नाहीत. माझ्या होतील.

मी सुताराची लेक. लहानपणापासून बाबांच्या कारखान्यात भुशात खेळलेली. ठोकळा करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण लाकूड हवं होतं, आणि ते खणामागेच उभं होतं. तिची भाजी चिरायची फळी. इंचभर जाड, लांबरुंद, जुनी. तिच्यावर सुरीच्या शेकडो खुणा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.

आमच्या बाबांची एक पद्धत आहे. कुणाच्या वापरातलं लाकूड नव्या कामाला घेतलं, तर त्याची एक बाजू ते तशीच ठेवतात. रंधा लावत नाहीत. टेबलाची खालची, कपाटाची मागची, कुठली तरी एक. "ज्याचं होतं त्याचं थोडं राहू दे," म्हणतात. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी ऐकत नाहीत.

मला हे पाठ होतं.

तरी मी सगळ्या बाजूंना रंधा मारला.

हे बहिणीकडे गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी दोन्ही अंगांनी फळी घासली. खुणा निघाल्या, डाग निघाले, आतून नवंकोरं लाकूड आलं. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मग फळीचे सहा तुकडे केले. प्रत्येक सुरी मोजून पटाशीने पाच खाचा पाडल्या. तुकडे सरसाने जोडले आणि शिकंज्यात आवळून ठेवले. दुसऱ्या दिवशी तळ तिरका कापला, तेल चोळलं, ठोकळा ओट्यावर उजव्या हाताला ठेवला. सगळ्यात उजवीकडे मोठी सुरी, मग उतरत्या क्रमाने बाकीच्या.

हे घरी आले. ठोकळ्यापाशी थांबले. लाकडावरून बोट फिरवलं.

"फळी?"

"तीच," मी म्हणाले.

ह्यांनी ठोकळा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "सफाईदार झालंय." आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

मंगळवारी सकाळी मी ओट्यापाशी आले, आणि...

सुऱ्या उलट्या क्रमाने होत्या. मोठी सगळ्यात डावीकडे. धाकटीच्या खाचेत.

आता हे नीट ऐका. ती खाच मी मोजून, पटाशीने पाडली होती. तिच्यात मोठ्या सुरीचं टोकसुद्धा शिरायला नको. आणि इथे ती मुठीपर्यंत आत होती. मी ओढली. लोण्यातून निघावी तशी निघाली. परत घालून पाहिली.

जाईना.

"तुम्ही हात लावलात का?" मी ह्यांना विचारलं.

"मी कशाला लावू?" हे बूट घालत म्हणाले.

मी मुकाट्याने सुऱ्या माझ्या क्रमाने लावल्या. बुधवारी परत तेच. गुरुवारीही. गुरुवारी मात्र मी त्या तशाच राहू दिल्या.

गुरुवारी दुपारी वन्सं आल्या होत्या, ह्यांची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, मनाने चांगल्या. पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि ठोकळा बघून हसल्या.

"अगदी तिच्यासारखं लावलंस की गं! तिचीही मोठी सुरी डावीकडेच असायची."

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? डावखुरी होती ना. दादाने सांगितलं नाही तुला? त्याचं काय, तोंडाला कुलूप." मग हळूच म्हणाल्या, "ती भाजी चिरायला बसली की हा मात्र तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसायचा बरं का. दिवसभराचं सगळं सांगायचा. आम्ही चिडवायचो, रेडिओ लागला म्हणून."

माझ्या घरातला रेडिओ दोन वर्षांत एकदाही लागला नव्हता.

वन्सं गेल्या. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मग आतून आवाज आला...

टक. टक. टक. टक.

सुरी लाकडावर पडल्याचा. भराभर, सवयीच्या हाताचा.

मी आत गेले. आवाज बंद. स्वयंपाकघरात कुणी नाही. चार सुऱ्या ठोकळ्यात. पाचवी...

ओट्यावर होती. पातं ओलं. कांद्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. घरात दोन दिवसांपासून कांदा नव्हता.

मग मी ठोकळ्याकडे पाहिलं. मी स्वतः गुळगुळीत केलेल्या लाकडावर बारीक खुणा उमटल्या होत्या. त्याच. त्याच बाजूला कललेल्या. उजव्या हाताने चिरणाऱ्याच्या खुणा अशा कलत नाहीत. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. पण त्या दिवशी मी खुणा पाहत नव्हते, पुसत होते.

अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा जास्त काय आलं सांगू? राग. मी रंधा काढला आणि त्या खुणा परत घासून टाकल्या. घासता घासता रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडले, "हे घर माझं आहे! नवरा माझा आहे! तुझं इथे काही नाही!"

घर एकदम गप्प झालं. नळ ठिबकत होता, तोही थांबला.

मला वाटलं, जिंकले.

शुक्रवारी काही झालं नाही. सुऱ्या मी लावल्या तशाच, माझ्या क्रमाने होत्या. मी शनिवारी संध्याकाळी गाणं गुणगुणत बटाटे चिरायला घेतले. साडेसहा झाले असतील. हे दुकानातून आले, हात धुतले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

नुसते उभे.

मी वळून पाहिलं. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. असं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. मग ह्यांनी स्टूल ओढलं. माझ्याशेजारी बसले.

"आज काय गंमत झाली माहितीये," म्हणाले. आणि बोलायलाच लागले! कुणी तरी घड्याळ आणलं होतं, उघडलं तर आत मुंगी निघाली. मी हसत होते. हेही हसत होते. माझा ऊर भरून आला. दोन वर्षं याचसाठी तर झुरले होते मी.

आणि मग मी खाली पाहिलं...

बटाट्याच्या चकत्या कागदासारख्या पातळ पडल्या होत्या. सगळ्या सारख्या. मला आयुष्यात कधी तशा जमल्या नाहीत.

सुरी माझ्या डाव्या हातात होती.

मी ती तिथेच टाकली नाही. टाकायला हवी होती, कळतंय मला. पण हे बोलत होते. मी चिरत राहिले.

याला आता पाच महिने झाले.

बाबांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "आण इकडे, जोड उकलतो आणि फळी परत करून देतो." फळी कुणाला परत द्यायची, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. एका हातोडीचं काम आहे, मला माहीत आहे. हातोडी दोनदा हातात घेतलीही.

पण रोज साडेसहाला हे येतात. स्टूल ओढतात. बोलतात. कोणाशी, ते विचारायची माझी हिंमत होत नाही. कधी कधी बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातावर असते, फक्त हातावर, आणि तेव्हा मी माझ्याच डाव्या हातावर इतकी जळते की तो पोळून घ्यावासा वाटतो.

परवा रविवार होता. हे गॅलरीत बसून सुऱ्यांना धार लावत होते. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. ह्यांनी तिकडून हाक मारली.

नाव माझं नव्हतं.

माझ्या तोंडून "ओ, आले" निघून गेलं. मी गॅलरीत गेले. ह्यांनी मोठी सुरी पुसून माझ्या डाव्या हातात दिली आणि दुसरी धारेला घेतली. काही चुकलंय, असं त्यांना वाटलंच नाही.