उसनं वाचन

त्या वर्षी दिवाळी अंकासाठी आलेल्या एकशे बारा कथांमध्ये एकही वाईट नव्हती, आणि नेमकी त्यामुळेच संपादक कुमुद सबनीस यांना मळमळायला लागलं. लेखकाचं नाव झाकून कथा वाचायची, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. एकीत जवान, दुसरीत शेअरदलाल, तिसरीत मंगळावरची सुईण. पण कुणी मरायला टेकलं की त्या खोलीत नासलेल्या दुधाचा वास सुटायचाच. चाळिसाव्या कथेनंतर कुमुदताईंनी सकाळचा चहासुद्धा मोरीत ओतला.

या सगळ्या लेखकांनी वाचनरोपण करून घेतलं होतं. चौफेर वाचल्याशिवाय चांगलं लिहिता येत नाही, हे सगळ्यांनाच पटत होतं. वाचायला मात्र कुणी तयार नव्हतं. मग विज्ञानाने तोडगा काढला. वाचलेलं प्रत्येक पान मेंदूतल्या पेशींमध्ये नव्या जोडण्या करून ठेवतं. पट्टीच्या वाचकाच्या मेंदूतून त्या जोडण्यांचा नकाशा उतरवून घ्यायचा आणि होतकरू लेखकाच्या मेंदूत उमटवायचा. चाळीस वर्षांचं वाचन एका दुपारी! जेवायचं दुसऱ्याने आणि ढेकर द्यायचा आपण, असला हा ओंगळ प्रकार.

कुमुदताई तणतणत रोपणकेंद्रात गेल्या. डॉ. गवाणकरांसमोर कुमुदताईंची मुलगी ऋता आधीच येऊन बसली होती. तिच्या तीन कथा त्यांनी याआधी साभार परत केल्या होत्या, वर ‘वाचन तोकडं’ असा शेरा मारून.

“डॉक्टर, सगळ्यांच्या कथांत हे नासलेलं दूध कुठून येतं?” कुमुदताईंनी विचारलं.

“दात्याकडून. एकाच दात्याचं वाचन सगळ्यांना चाललं, बाकीच्यांचं मेंदूंनी नाकारलं.” गवाणकर कौतुकाने सांगू लागले. “हे गृहस्थ अठरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बायकोच्या उशाशी बसून वाचत होते. तिला पाजलेलं दूध उशीवर ओघळायचं, नासायचं. त्यांना तिची किळस यायची. कधी बोलले नाहीत बिचारे.”

“आणि आता एकशे बारा जण बोलताहेत. शरम नाही वाटत? तेवढा वास पुसून टाका की.”

“पुसून पाहिला, ताई. वाचनच गेलं. नुसते शब्द उरले, शब्दकोशासारखे. वाचताना माणूस जे जगत असतो ना, त्यालाच वाचन चिकटून बसतं. वेगळं निघत नाही.” त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. “म्हणून तर दुसरा दाता हवाय. तुमच्याइतकं वाचलेलं आहे कोण? आणि मुलीला आईचं चटकन रुजेल.”

“आई, मला तुझंच हवंय,” ऋता म्हणाली.

कुमुदताईंचं सगळ्यात अधाशी वाचन झालं ते ऋता तान्ही असताना. सहा महिने ती पोर अखंड रडायची. तिला पाळण्यात टाकून, न्हाणीघराची कडी लावून त्या वाचत बसायच्या. त्या वाचनाला काय चिकटलं होतं, ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“तू स्वतः वाच ना गं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“चाळीस वर्षं? मग लिहू कधी?”

शेवटी त्यांनी सांगून टाकलं. “ऐक. तू तान्ही असताना मी तुला रडत टाकायचे आणि पुस्तकात तोंड खुपसून बसायचे. तुझ्या ओकारीचा वास माझ्या पदराला यायचा आणि मला तुझी किळस यायची. तू मेलीस तर सुटेन, असंही एकदा वाटलं होतं. ते सगळं तुझ्या डोक्यात उतरेल. चालेल तुला?”

ऋताचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओरडावं, निघून जावं, काहीही करावं, असं कुमुदताईंना वाटत राहिलं. ती मात्र डॉक्टरांकडे वळली.

“हे कथेत उतरेल?”

“हमखास.”

“आणि असं अजून कुणाकडेच नाही ना?”

“कुणाकडेच नाही.”

ऋताने डोळे पुसले, फॉर्म आईपुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

“कर सही,” ती म्हणाली.